पन्नासवर चिकटपट्टी

मार्च २०२२ मध्ये माझ्या आवर्ती ठेवीची मुदत संपली. महिना दीड हजार, दोन वर्षं. व्याजासह अडतीस हजार सातशेच्या आसपास रक्कम हातात आली. मी साताऱ्यात एका पतसंस्थेत हिशेबाचं काम करते. पैसे कुठे जाणार हे ठरवूनच साठवायला लागायचं, ही सवय तिथलीच. या ठेवीच्या नावाने वहीत पहिल्याच महिन्यात एक शब्द लिहून ठेवला होता: कॅमेरा.

कॅमेरा हवा होता दोन गोष्टींसाठी. पहिली म्हणजे आई. ती वाईजवळच्या गावी अजून जुन्या घरात राहते. संध्याकाळी देवघरात दिवा लावायला बसते तेव्हा माजघरात दुसरा कुठला दिवा लावू देत नाही. त्या उजेडात मोबाइलने काढलेले तिचे पन्नासेक फोटो माझ्याकडे होते आणि एकातही ती माझी आई वाटत नव्हती. मोबाइलने सुरकुत्या पुसून चेहरा मेणासारखा गुळगुळीत केलेला, आणि हात हलला तिथे नुसता फराटा. दुसरी गोष्ट कास पठाराची. साताऱ्याहून पंचवीस किलोमीटर, त्यामुळे दर वर्षी फुलांच्या दिवसांत एक तरी फेरी ठरलेली. घरी येऊन फोटो उघडले की हिरव्यावर जांभळे ठिपके. कुठलं फूल, त्याला पाकळ्या किती, काही कळत नसे.

लग्नं, वाघ आणि व्हिडिओ ही तीन नावं मी वहीत ‘नको’ या शब्दाखाली लिहिली. या यादीने पुढे माझे बरेच पैसे वाचवले.

एप्रिलमध्ये पुण्याला गेले होते तेव्हा एका दुकानात शिरले. काउंटरवरच्या मुलाने पहिला प्रश्न विचारला तो बजेटचा. मग दोन झूम लेन्स आणि बॅग असलेला नवा डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेल्या, लेन्स बदलता येणाऱ्या कॅमेऱ्याचा संच दाखवला, पंचेचाळीस हजारांच्या घरात. मिररलेस, म्हणजे आरसा नसलेला, विचारला तर साठ हजारांच्या पुढे. मुलगा चांगला होता, घाई करत नव्हता, पण मी कसले फोटो काढते हे त्याने विचारलं नाही. आणि विचारलं असतं तरी तेव्हा माझ्याकडे धड उत्तर नव्हतं. ‘आईचे आणि फुलांचे’ यावरून कुणी लेन्स काढून देऊ शकत नाही. किती अंतरावरून आणि किती उजेडात, हे सांगावं लागतं.

ते उत्तर मिळालं कऱ्हाडच्या भाच्यामुळे. त्याच्याकडे कॅननचा १३०० डी होता, सोबत नेहमीची १८-५५ ची किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबरच मिळणारी. तो म्हणाला, “मावशी, माझा कॅमेरा कपाटातच पडून असतो. महिनाभर घेऊन जा, हवे तेवढे फोटो काढ. आणि मग लॅपटॉपवर प्रत्येक फोटोची माहिती उघडून बघ, त्यात सगळं लिहिलेलं असतं.”

त्या महिन्यात मी ११६३ फोटो काढले. ठेवण्यासारखे निघाले १४०. रोज रात्री जेवणानंतर मी तेवढंच काम घेऊन बसायची. फोटो उघडायचा, त्याची फोकल लेंथ, म्हणजे लेन्स किती जवळचं दाखवते तो आकडा, अ‍ॅपर्चर, म्हणजे लेन्सचं भोक किती उघडं ते, शटरचा वेग आणि आयएसओ, म्हणजे कॅमेरा उजेडाला किती संवेदनशील ते, वहीत उतरवायचे. ऑफिसात कीर्द लिहिते तशीच ही कीर्द. बेरीज केली तर १४० पैकी ३१ फोटो झूम पूर्ण मागे घेऊन, म्हणजे १८ वर काढलेले. ६२ फोटो पूर्ण पुढे, ५५ वर. मधल्या सगळ्या आकड्यांचे मिळून ४७.

५५ वरचे ६२ म्हणजे लेन्स संपली तिथे मी थांबले होते. ते फोटो पुन्हा बघितले तेव्हा त्यातल्या चाळिसांत मला आणखी जवळ जायचं होतं हे स्पष्ट दिसलं. बहाव्याचा घोस, कुंपणावरचा खंड्या, शेजारच्या परसातली पपई. उरलेल्या बाविसांत माणसांचे चेहरे होते आणि त्यांना ५५ पुरत होतं. म्हणजे लांब पल्ल्याची लेन्स लागणार, हे ठरलं.

पण जास्त शिकवलं ते टाकून दिलेल्या फोटोंनी. ठेवलेले फोटो सगळेच बघतात, मी म्हणेन वाया गेलेलेही एकदा मोजावेत. आईच्या घरात, उन्हं उतरल्यावर काढलेले २१२ फोटो होते आणि त्यातले ठेवलेले फक्त ९. वाया गेलेल्या जवळपास प्रत्येकावर तेच आकडे: एफ/५.६, आयएसओ ३२००, शटर एक अष्टमांश सेकंद. या लेन्समध्ये हात स्थिर धरणारी सोय होती, त्यामुळे देव्हारा, समई, भिंतीवरची तसबीर सगळं रेखीव. धूसर होती ती आई. माझा हात लेन्सने सांभाळला होता, पण हलत होता तिचा हात, वात सारखी करणारा. त्यावर ती सोय काही करू शकत नाही. तिथे शटरच जलद हवं, आणि शटर जलद करायचं तर लेन्समधून उजेड जास्त आत यायला हवा.

इथे गणित सोपं आहे. अ‍ॅपर्चरचा आकडा जितका लहान तितकं लेन्सचं भोक मोठं. ५.६ ला १.८ ने भागलं तर तीनच्या थोडं वर येतं, त्याचा वर्ग साधारण दहा. म्हणजे एफ/१.८ ची लेन्स त्याच जागी दहापट उजेड आत घेते. एक अष्टमांश सेकंदाच्या जागी सेकंदाचा ऐंशीवा भाग मिळतो. वात सारखी करणारा म्हातारा हात एवढ्या वेळात पकडता येतो. हे कागदावर मांडलं तेव्हा मी कॅमेऱ्याच्या बॉड्यांच्या, म्हणजे लेन्स सोडून उरलेल्या कॅमेऱ्याच्या, तुलना बघणं बंद केलं. १८ मेगापिक्सेल की २४, याने आईचा हात थांबणार नव्हता.

आता एफ/१.८ ची कुठली लेन्स? स्वस्तात मिळते ती ५० एमएमची. पण ती झूम होत नाही, आणि या लहान सेन्सरच्या (फोटो टिपणाऱ्या चिपच्या) कॅमेऱ्यांवर तिची चौकट बरीच आवळून येते. कॅननवर ५० म्हणजे जुन्या फिल्म कॅमेऱ्यावरच्या ऐंशीसारखी. घरात ती चालेल का? अनेकांनी सांगितलं, घरात ३५ च घे. निकॉनकडे नेमकी तशी ३५ एमएम एफ/१.८ होती, लहान सेन्सरसाठीच बनवलेली आणि परवडणारी. कॅननमध्ये त्या किमतीला मिळत होती २४ एमएम, पण ती एफ/२.८ ची. म्हणजे लेन्स ठरवता ठरवता कंपनीच ठरणार होती.

मग मी भाच्याच्या किट लेन्सवर प्रयोग केला. तिच्या झूमच्या रिंगवर ३५ ची खूण आहे, ५० ची नाही. ५५ च्या जरा अलीकडे रिंग फिरवत एकेक फोटो काढला, माहितीत आकडा ५० आला तिथे रिंग थांबवली आणि वर खाकी चिकटपट्टी लावून टाकली. झूम बंद. दोन दिवस आईच्या घरात फक्त त्या चौकटीत फोटो काढले. फोटो अंधारे येत होते, त्याची पर्वा नव्हती. मला बघायची होती चौकट. पुढच्या आठवड्यात पट्टी काढून ३५ वर लावली आणि पुन्हा दोन दिवस.

देवघराच्या समोरच्या भिंतीला पाठ लावून बसलं की आई माझ्यापासून दहा फुटांवर असते. तिथून ५० ने कॅमेरा उभा धरला तर साधारण साडेचार फूट उंच आणि तीन फूट रुंद एवढी जागा मावते. आईचं डोकं, खांद्यावरचा पदर, हात, समोरची समई, देव्हाऱ्याची खालची फळी. मला हवं होतं ते एवढंच. ३५ ने त्याच जागेवरून कोनाड्यातले डबे, दोरीवरची टॉवेलं आणि इन्व्हर्टरही आत येत होतं. स्वयंपाकघरात मात्र उलटं. तिथे मागे सरकायला जागाच नाही, पाच फुटांवरून ५० मध्ये चेहरा आणि खांदे मावून संपतं. पण स्वयंपाकघराला मोठी खिडकी आहे, दिवसा तिथे किट लेन्स पुरते. माझा अंधार देवघरातला होता, आणि देवघरात ५० बसत होती.

त्यामुळे कॅनन. भाच्याच्या लेन्स आणि माझ्या लेन्स एकमेकांना चालतील, हाही हिशेब होता. आणखी एक म्हणजे पुढे कधी कॅननचा मिररलेस घेतला तर याच लेन्स अ‍ॅडॉप्टर लावून त्यावर ऑटोफोकससकट चालतात. निकॉन घेणाऱ्यांना एक गोष्ट सांगून ठेवते. ३००० आणि ५००० मालिकेतल्या त्यांच्या स्वस्त बॉड्यांत फोकसची मोटर नसते. जुन्या बाजारात ५० एमएमची ‘डी’ खुणेची लेन्स स्वस्त दिसते, पण या बॉड्यांवर ती लावली तर फोकस हाताने करावा लागतो. ‘जी’ खुणेची आणि स्वतःची मोटर असलेली लेन्स बघून घ्यावी.

बॉडी घ्यायच्या आधीच मी एक व्यवहार करून बसले, आणि तो फसला. मे महिन्यात एका जाहिरातीवरून लांब पल्ल्याची ५५-२५० ची लेन्स सहा हजारांत मिळत होती. विकणाऱ्याने रस्त्यात भेटून दाखवली. बाहेरून काच स्वच्छ, झूम मऊ फिरत होता. भाच्याच्या कॅमेऱ्यावर लावून दोन फोटो काढले, भर उन्हात, छान आले. घेतली. जूनमध्ये पावसाचे ढग आले आणि उजेडाच्या दिशेने काढलेला प्रत्येक फोटो दुधाळ दिसायला लागला. काळा दगड राखाडी, पानांमागे पांढरट धुकं. सेटिंग बदलून बदलून दमले.

पुण्यात लेन्स दुरुस्त करणाऱ्या एका काकांकडे नेली. त्यांनी लेन्सच्या मागच्या बाजूला छोटी टॉर्च लावली आणि म्हणाले, “ताई, समोरून सरळ नका बघू, जरा तिरक्या बघा.” तिरकं बघितलं आणि मला ते दिसलं. आतल्या एका काचेच्या कडेपासून मधोमध पांढरे तंतू पसरले होते, केसाहून बारीक, फांद्या फुटलेले, पहाटे गवतावर कोळ्याचं जाळं दिसतं तसे. बुरशी. ओलाव्यात पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती आतल्या आत वाढते आणि बरीच वाढली की काचेवरचा लेप खाते. मग साफ केली तरी डाग राहतो. खोलून साफ करायचे अडीच हजार सांगितले, तेही खात्री न देता. विकणाऱ्याला फोन केले, त्याने पहिल्या फोननंतर उचलले नाहीत. काकांनीच सुट्या भागांसाठी ती दीड हजाराला ठेवून घेतली. साडेचार हजार गेले. वहीत मी ते ‘बुडीत’ या खात्याला टाकले. ते पान आजही उघडलं की वाईट वाटतं, कारण ती लेन्स घरी आणायच्या आधी टॉर्च लावायला दोन मिनिटं लागली असती.

काकांनी त्या दिवशी बराच वेळ दिला. कॅननची लेन्स कॅमेऱ्यातून काढली की तिचं अ‍ॅपर्चर पूर्ण उघडं राहतं, त्यामुळे टॉर्च आरपार जाते. निकॉनच्या लेन्सच्या मागे एक छोटी दांडी असते, ती बोटाने सरकवून धरल्याशिवाय आतलं भोक उघडत नाही, आणि घाईत बघणाऱ्याला कडेची बुरशी दिसत नाही. दोनचार धुळीचे कण असले तर घाबरू नये, ते प्रत्येक जुन्या लेन्समध्ये असतात, फोटोत उमटत नाहीत. जाळं दिसलं तर मात्र किंमत कितीही कमी असो, हात लावू नये, कारण शेजारच्या लेन्सलाही धोका. ५५-२५० च्या तीन आवृत्त्या निघाल्या आहेत, हेही त्यांनीच सांगितलं. मी घेतलेली जुनी होती. २०१३ ला आलेल्या आवृत्तीवर ‘एसटीएम’ अशी अक्षरं असतात. तिचा फोकस गुपचूप होतो, चित्र जास्त रेखीव येतं आणि ती ८५ सेंटिमीटरवरूनही फोकस करते. जुनीला एक मीटर दहा लागतं. फुलांसाठी हा फरक मोठा आहे.

जूनच्या शेवटी बॉडी मिळाली. पुण्यात एक निवृत्त प्राध्यापक कॅननचा ७०० डी विकत होते, १८-५५ एसटीएम लेन्ससकट, बावीस हजारांना. भाच्याला सोबत नेलं. सरांनी कॅमेरा मूळ खोक्यात, पावतीसकट समोर ठेवला आणि म्हणाले, “सावकाश बघा. मीही घेताना दोन तास बघितला होता.” या वेळी मी खरंच सावकाश बघितलं. आधी टॉर्च, तिरकी. मग लेन्सचं भोक एफ/२२ पर्यंत बारीक करून पांढऱ्या भिंतीचा फोटो. सेन्सरवरची धूळ अशा फोटोत राखाडी ठिपक्यांसारखी दिसते. तीन ठिपके होते, रबरी पंपाने हवा मारल्यावर दोन गेले. लेन्सला टोपी लावून अंधाराचा फोटो, त्यात एखादा कायमचा पेटलेला बिंदू आहे का ते बघायला. नऊही फोकस बिंदू एकेक करून. बाहेर वळणारा पडदा उघडून, फिरवून, त्याच्या बिजागरीला सैलपणा आहे का ते. कार्डाचं आणि बॅटरीचं झाकण. फ्लॅश. लेन्स बसते त्या धातूच्या कड्यावर झीज किती. या मॉडेलच्या फोटोत शटर किती वेळा उडालं हा आकडा लिहिलेला नसतो, म्हणून भाच्याने लॅपटॉपला केबल लावून सॉफ्टवेअरने काढला: ९४००. डीएसएलआरच्या शटरच्या मानाने हे काहीच नाही. बॅटरी मात्र थकलेली होती, तासाभरात निम्म्यावर आली. ते सरांना दाखवलं, त्यांनी लगेच मान्य केलं आणि एकोणीस हजार पाचशेला व्यवहार झाला.

कॅमेरा २०१३ चा, म्हणजे तेव्हाच नऊ वर्षांचा. आमच्या ह्यांनी परतीच्या वाटेवर विचारलं, एवढा जुना का? माझ्या वहीत उत्तर तयार होतं. बॉडीवर वाचलेले पैसे लेन्सवर जाणार होते.

५० एमएम एफ/१.८ एसटीएम मी नवीन घेतली, पावतीसकट, साडेआठ हजारांना. जुनी हजार-दोन हजारांनी स्वस्त मिळाली असती, पण एका लेन्सला आतून ओलावा लागलाच नाही याची मला खात्री हवी होती. १६० ग्रॅमची लेन्स, तळहातात मावते. ऑगस्टमध्ये ५५-२५० एसटीएम मिळाली नऊ हजारांना, टॉर्च लावून. एकूण झाले सदतीस हजार, बुडीत साडेचार धरले तर साडेएकेचाळीस. ठेवीपेक्षा सुमारे अठ्ठावीसशे जास्त. ते आणि पुढचा किरकोळ खर्च दिवाळीच्या बोनसमधून वळता केला.

किरकोळ खर्चात पहिला नंबर डब्याचा. साताऱ्याचा पावसाळा आणि बुरशीचा धडा ताजा, त्यामुळे रबरी कडेचा हवाबंद प्लास्टिकचा डबा, आत आर्द्रता दाखवणारं छोटं घड्याळ आणि सिलिका जेलच्या पुड्या. काटा चाळीस ते पन्नास टक्क्यांत ठेवते. नारिंगी दाणे ओलावा पिऊन हिरवे झाले की एका जुन्या कढईत मंद आचेवर परतते, ती कढई फक्त त्याच कामाची. चामड्याच्या बॅगेत किंवा कपाटात कपड्यांत गुंडाळून लेन्स ठेवू नका हे मी आता भेटेल त्याला सांगते.

सप्टेंबरात कासला गेले. ५५-२५० ने पहिल्याच तासात माझा तिथला फोटो काढायचा रिवाज बदलला. वाट सोडून एक पाऊल खाली न टाकता आतलं फूल जवळ येत होतं. तेरड्याचा गुलाबी पट्टा, सोनकीचा पिवळा, त्यामागे खाली उतरणारं धुकं. २५० वर मागचं सगळं विरघळतं आणि एकच तुरा उभा राहतो. पण सीतेच्या आसवांपाशी ही लेन्सही थांबली. ते फूल नखाएवढं, पाणथळ खडकावर उगवणारं, देठ सुईसारखा. वनस्पती कीटकभक्षी आहे. मुळांसारख्या धाग्यांवर बारीक पिशव्या असतात, त्यात ती पाण्यातले सूक्ष्म जीव पकडते. एवढ्या लहान फुलाला मॅक्रो लेन्स लागते आणि ती माझ्या आवाक्यात नव्हती.

तिथे एक्स्टेन्शन ट्यूब कामाला आली. ही नुसती पोकळ नळी, आत काच नाही. लेन्स आणि बॉडीच्या मध्ये बसते, लेन्स सेन्सरपासून लांब जाते आणि आणखी जवळचं दिसायला लागतं. तेव्हा चारशे रुपयांचीही मिळत होती, पण तिच्यात विजेचे संपर्कबिंदू नसतात. कॅननच्या लेन्सचं अ‍ॅपर्चर बॉडीकडून विजेवर हलतं, त्यामुळे तशा नळीवर ५० ची लेन्स एफ/१.८ वरच अडकून पडते आणि फुलाचा एक केसरसुद्धा पूर्ण रेखीव येत नाही. मी संपर्कबिंदू असलेला संच घेतला, अठराशेला. पुढच्या रविवारी पहाटे निघून पुन्हा पठारावर. वाटेला लागूनच खडकाच्या खाचेत आसवांचा एक पुंजका होता. वीस एमएमची नळी, ५० ची लेन्स, एफ/८. गुडघे टेकून, श्वास धरून. अशा वेळी रेखीव भाग मिळतो जेमतेम दीड मिलिमीटर, आणि वारा फुलाला त्यातून सारखा बाहेर ढकलत होता. फोकस हाताने ठेवून मी स्वतःच केसभर पुढेमागे होत होते. पाऊण तासात ८४ फोटो, त्यातले तीन चांगले. त्या तिघांपैकी एकात फुलाच्या ओठावरच्या जांभळ्या रेषा मोजता येतात, आणि पाकळीच्या टोकाला पाण्याचा थेंब लोंबतोय. दहा वर्षं मी ज्याला ठिपका म्हणत होते ते हे फूल.

हाव सुटते, हेही सांगायला हवं. जानेवारीत ओळखीचे काही जण भिगवणला निघाले, उजनी धरणाच्या फुगवट्यावर रोहित पक्षी, म्हणजे फ्लेमिंगो, बघायला. सगळ्यांच्या गळ्यात मोठ्या लेन्स, मलाही वाटायला लागलं की २५० अपुरी. विकत घेण्याऐवजी १५०-६०० ची लेन्स दोन दिवसांसाठी भाड्याने आणली, दीड हजारात. ती लेन्स जवळजवळ दोन किलोची. मच्छीमारांच्या होडीत बसून ती धरली, रोहितांचे, शेकाट्यांचे उत्तम फोटो मिळाले, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी लक्षात आलं की मी होडी वल्हवणाऱ्या काकांचे फोटो काढायला धडपडतेय आणि ते या लेन्समध्ये मावत नाहीत. बॅगेतून ५० काढली. ६०० चं पान वहीत बंद झालं.

देवघरातला फोटो श्रावणात झाला होता. बाहेर पाऊस, माजघरात देवघराच्या झरोक्यातून येणारा उरलेला उजेड आणि समई. मी नेहमीच्या भिंतीला टेकून बसले. एफ/२, आयएसओ १६००, शटर एक साठांश. मधला फोकस बिंदू तिच्या बोटांवर. या अंतरावर एफ/२ ला साधारण वीतभर खोलीच रेखीव येते, म्हणून दुसरा फोटो देव्हाऱ्यातल्या मूर्तींवर फोकस ठेवून काढला. पहिल्यात तिच्या अंगठ्यावर लागलेली तेलाची चकाकी दिसते, मनगटावरची शीर, आणि वातीकडे बघताना ती ओठ जसे मिटते तसे मिटलेले. मला जे हवं होतं ते सगळं त्यात होतं. रात्री कॅमेऱ्याच्या पडद्यावर तो फोटो मी किती वेळा मोठा करून बघितला सांगता येत नाही.

दोन्ही फोटो मोठे छापून घेतले आणि संक्रांतीला तिच्याकडे नेले. तिने चष्मा पुसून लावला, स्वतःचा फोटो क्षणभर बघून बाजूला ठेवला आणि दुसरा, मूर्तींचा, खिडकीपाशी नेऊन निरखत बसली. मी वाट बघत होते.

“ही मागची भिंत बघितलीस का?” ती म्हणाली. “बाळकृष्णाच्या मागे पोपडे धरलेत. ओल आलीय पार वरपर्यंत. समोर बसून मला हे कधी दिसलं नाही.”

मी जवळ जाऊन बघितलं. खरंच होतं. फेब्रुवारीत मिस्त्री लावून ती भिंत खरवडून घेतली, बाहेरून गिलावा केला. देव चार दिवस माजघरातल्या फडताळात होते, त्याचेही फोटो काढून ठेवले आहेत, ५० नेच.